इंजिन बदलण्याची तांत्रिक कारणे

२ मार्च, रविवार. संध्याकाळी ६.४०

आज अप्पांच्या गाडीचं इंजिन कायमचं बंद पडलं. कारण: वय. इंजिनाचं.

पुढेमागे ही वही मीच वाचायला घेतली तर संदर्भ हाताशी असावा, म्हणून थोडक्यात. अप्पा म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी वजनकाटे दुरुस्त करण्यात गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी किट कार मागवली, म्हणजे गाडी सुट्या भागांत खोक्यांतून येते आणि आपण ती घरी जुळवायची. आमच्या घरामागच्या गॅरेजमध्ये नऊ वर्षं खपून त्यांनी ती उभी केली. दोन माणसांची, बिनछपराची, एकूण वजन ५३८ किलो. प्रत्येक नट काट्यावर टाकून वहीत उतरवलाय. तीन वर्षांपूर्वी इंजिनाची बेअरिंगंही स्वतः बदलली. मग हाताला कंप सुटला. जानेवारीत त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, जावईबापू, चालवा तुम्ही, मी शेजारी बसेन. २७ एप्रिलला घरी बांधलेल्या गाड्यांचा मेळावा आहे. तिथे आपल्या गाडीत बसून जायचं, एवढंच त्यांचं मागणं.

आज फक्त ऑइल बदलायचं होतं. जुनं काढलं. फिल्टर नवा लावला. मध्येच माझ्या ताईचा फोन आला, पडद्यांच्या कापडाबद्दल, पंचवीस मिनिटं. मग इंजिन सुरू केलं. मेव्हणा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागलेला होता. अप्पांनी दिव्यांखाली नावं लिहिलेली नाहीत, हा डिझाइनमधला दोष. हँडब्रेकचा असेल म्हणून मी हँडब्रेक तीनदा तपासला. व्यवस्थित होता. अकरा मिनिटांनी मिक्सरमध्ये चमचा राहून गेल्यासारखा आवाज आला आणि सगळं शांत झालं.

मेव्हणा म्हणाला, भावोजी, काहीतरी गेलं. मी म्हटलं, गरम होतंय.

अप्पांना फोन केला. म्हटलं, बेअरिंग गेलेलं दिसतंय, कधीतरी जाणारच होतं. त्यांनी विचारलं, ऑइलचा दिवा लागला होता का, लाल? मी नाही म्हणून बसलो.

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१५

वॉशिंग मशिनच्या मागे नव्या ऑइलचा डबा सापडला. चार लिटर. सील शाबूत.

यावरून लगेच काही निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल.

७.४०

निष्कर्ष निघाला.

संध्याकाळी ५.३०

ऑफिसातून लवकर आलो. डबा इंजिनात ओतला. पूर्ण. काम अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. क्रम मागेपुढे झाला, एवढंच. रिकामा डबा कपाटात जाड पांघरुणांच्या मागे ठेवला. तिकडे आता थंडीपर्यंत कोणी फिरकत नाही.

मी बिस्किटांचे पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. लोकांना चेकलिस्टा बनवून देणं हे माझं काम. ही माहिती इथे लिहायची गरज नव्हती.

५ मार्च, बुधवार

ठराव: गाडीला नवं इंजिन बसवायचं. जुनं उघडून बघण्यात वेळ घालवायचा नाही. आत काय दिसेल हे मला माहीत आहे.

कॉम्प्युटरवर टेबल सुरू केलं. तेवीस कॉलम. ५३८ किलोच्या गाडीत इंजिनाचा एकेक किलो महत्त्वाचा, म्हणून वजनाला सर्वांत जास्त मार्क. मोटरसायकलचं इंजिन सत्तर किलो, आवाजही तरुण. मोठ्या सेडानचं दोन लिटरचं: ताकद तिप्पट, पण गाडीचं नाक जड होणार. विजेची मोटर: बॅटरीचं वजन वाचलं आणि ओळ पुसून टाकली. छोट्या हॅचबॅकचं तीन सिलिंडरचं, ॲल्युमिनियमचं: आशादायक. आहे त्याच मॉडेलचं सेकंडहँड इंजिन टेबलात घेतलं नाही. तेच आणायचं तर आपलंच का उघडत नाही, असा प्रश्न अप्पांना पडेल.

बायकोने विचारलं, काय चाललंय. म्हटलं, आधुनिकीकरण.

९ मार्च, रविवार. सकाळी ११

मेकॅनिक येऊन गेला. हा अप्पांचा जुना दोस्त, दोन गल्ल्या पलीकडे त्याचं वर्कशॉप. इंजिन हाताने फिरवून पाहिलं, फिरेना. म्हणाला, जाम झालंय साहेब, खालून उघडू, तासाभराचं काम आहे, बेअरिंगं नवी टाकली तर कदाचित वाचेलही. मी ठाम नकार दिला. का, म्हणाला. मी म्हटलं, भावनेचा प्रश्न आहे. कोणाच्या, म्हणाला.

मग त्याने ऑइलची पातळी बघायची पट्टी बाहेर काढली. उजेडात धरली. वास घेतला. ऑइल फार स्वच्छ आहे म्हणाला, मधासारखं, हे इंजिनात फिरलेलंच दिसत नाही. मी म्हटलं, मी चांगल्या प्रतीचंच वापरतो. त्याने माझ्याकडे पाहिलं. नंतर पट्टी पुसून जागेवर ठेवली आणि चहाला थांबत नाही म्हणाला. एरवी दोन कप पितो.

१२ मार्च, बुधवार

मेव्हणा मोटरसायकलच्या इंजिनावर फिदा. म्हणतो, भावोजी, उडेल गाडी. पण त्या इंजिनाला रिव्हर्स नसतो. मी म्हटलं, मी आयुष्यात मागे वळून पाहिलेलं नाही.

गाडी गॅरेजमध्ये नाक आत करून उभी आहे. ती मागे घेतल्याशिवाय बाहेर येत नाही, हे संध्याकाळी लक्षात आलं. मोटरसायकल बाद. टेबलात ‘रिव्हर्स’ हा चोविसावा कॉलम घातला.

१६ मार्च, रविवार. दुपारी १

अप्पा आले होते. गॅरेजमध्ये स्टुलावर बसले, इंजिनावर हात ठेवला. पेशंटच्या कपाळावर ठेवतात तसा. बेअरिंग बघायला मिळेल का, म्हणाले. मी म्हटलं, उघडणं तज्ज्ञांच्या मते योग्य नाही. तज्ज्ञ कोण, हे त्यांनी विचारलं नाही. मी विचार करून ठेवला होता.

मग त्यांना माझं टेबल दाखवलं. चष्मा लावून त्यांनी प्रत्येक इंजिनाचं वजन वाचलं, पण लक्ष नव्हतं. शेवटी म्हणाले, जावईबापू, एक सांगायचंय, घरात कोणाला बोललो नाही. ती बेअरिंगं घातली ना, तेव्हाच हात थोडे हलायला लागले होते. एखादा बोल्ट कमी आवळला गेला असेल माझ्याकडून. तुमच्या हातात गाडी दिली आणि माझ्या चुकीने तुमच्यासमोर बंद पडली. बरं दिसलं नाही.

इथे मी बोलायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. पण बाहेर आलं ते असं: जाऊ द्या अप्पा, चुका सगळ्यांकडूनच होतात.

म्हणजे मी त्यांना माफ केलं. त्यांनी माझे आभार मानले.

१७ मार्च, सोमवार

जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, पित्त असेल. हो म्हटलं.

ऑफिसात नव्या लोकांना माझं ट्रेनिंग होतं. विषय मागच्याच महिन्यात ठरलेला: ‘चूक लगेच कबूल करण्याची संस्कृती’. बावीस स्लाइड. चौथ्या स्लाइडला थांबलो. पाणी प्यायलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फीडबॅक फॉर्मवर एकाने लिहिलंय, सर अगदी मनापासून बोलतात.

२३ मार्च, रविवार. संध्याकाळी ५

बायको माहेरी जाऊन आली. अप्पांनी त्यांचं मायक्रोमीटर आणि बारीक पाने शेजारच्या शाळेच्या लॅबला देऊन टाकले. शेजारीण बंद घड्याळ घेऊन आली होती, तिला म्हणाले, दुकानात दाखवा. चहाचा कप अर्धाच भरून मागतात. बायकोला म्हणाले, पोरी, माझ्या हाताचं आता काही खरं नाही. हे सांगताना ती भांडी विसळत होती, तिने मागे वळून पाहिलं नाही ते बरं झालं.

मला फार वाईट वाटलं. त्यावर उपाय एकच, नवं इंजिन लवकर बसवणं. गाडी सुरू झाली की अप्पा आपोआप विसरतील. उद्यापासून रोज एक तास. टेबल आता एकतीस कॉलमचं झालंय.

२९ मार्च, शनिवार

निर्णय झाला! हॅचबॅकचं ॲल्युमिनियमचं इंजिन. १०० पैकी ९१.४ मार्क. जुन्या गाड्या तोडणाऱ्याच्या यार्डातून मेव्हण्याच्या टेंपोने आणलं. यार्डवाला म्हणाला, कुठल्या गाडीत टाकताय? मी सांगितलं. म्हणाला, बसेल का? मी त्याला मार्क दाखवले.

दुपारी वजनाची खात्री करायला ते मेव्हण्याच्या मदतीने बाथरूममधल्या वजनकाट्यावर ठेवलं. ८४ किलो. माझ्याहून सात किलोने हलकं. मेव्हणा म्हणाला, मग भावोजी, तुम्हीच वजन उतरवलं असतं तरी गाडी तेवढीच हलकी झाली असती. उचलताना काट्याची काच तडकली आणि काटा सत्तरवर अडकून बसला.

३० मार्च, रविवार

बायको काटा अप्पांकडे घेऊन गेली. म्हटलं जा, त्यांचं मन रमेल. चाळीस वर्षं हेच तर केलं त्यांनी. संध्याकाळी परत घेऊन आली. अप्पांनी पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नाही. नवीन घ्या म्हणाले.

काटा तसाच बाथरूममध्ये ठेवलाय. मी उभा राहिलो तर सत्तर. कोणीही उभं राहिलं तरी सत्तर. आनंद झाला नाही.

५ एप्रिल, शनिवार. दुपारी ३

इंजिन बसवायला मेकॅनिकला बोलावलं. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि नव्या इंजिनाजवळ उकिडवा बसला. म्हणाला, साहेब, हे इंजिन गाडीत आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. काकांच्या गाडीत इंजिन उभं बसतं आणि मागच्या चाकांना रेटतं. हे बसवलं तर गाडी खेकड्यासारखी चालवावी लागेल.

एकतीस कॉलम होते. इंजिन कोणत्या दिशेला तोंड करून बसतं, हा कॉलम नव्हता. शिवाय उंचीही मी बॉनेट काढून मोजली होती. बॉनेट लावलं तर इंजिन चार बोटं वर राहतं.

मेव्हणा हसत सुटला. त्याला मी चहा सांगायला घरात पाठवलं. तेवढ्यात मेकॅनिक आवाज खाली आणून म्हणाला, साहेब, ऑइल बघूनच कळलं होतं मला. मी काही बोलायचा नाही, तुम्ही बोला. काका दर दोन दिवसांनी वर्कशॉपात येतात आणि विचारतात, कुठला बोल्ट सैल राहिला असेल रे. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

मी म्हटलं, योग्य वेळ बघून सांगणारच आहे. तो म्हणाला, योग्य वेळ दोन मार्चला होती.

एका माणसाने, हाताला ग्रीस लागलेलं असताना, माझी बावीस स्लाइडची संस्कृती एका वाक्यात संपवली.

१३ एप्रिल, रविवार

आज सांगायचं असं ठरवून निघालो. भाषण लिहून नेलं होतं, चार पानं. दुसऱ्या पानावर ऑइल येतं.

अप्पांनी दार उघडलं. बारीक झालेत. मी हवेबद्दल बोललो. नंतर ट्रॅफिकबद्दल. नंतर परत हवेबद्दल. टीव्ही चालू होता. त्यांना ब्लडप्रेशर आहे. माझा वाचायचा चष्मा घरी राहिला होता. कारणं खरी आहेत.

निघताना त्यांनी ती गाडीची वही माझ्या हातात दिली, नटबोल्टांच्या वजनांची. तुमच्याकडे ठेवा म्हणाले, किंवा टाकून द्या, माझ्यावर विसंबून कोणी काही करायला नको आता. मी ती घेऊन खाली आलो आणि स्कूटरवर तसाच बसून राहिलो. एक बाई येऊन म्हणाली, काका, गाडी जरा पुढे घेता का.

१४ एप्रिल, सोमवार. सकाळी ६

वही वाचली. बेअरिंगच्या दिवसाचं पान सापडलं. अक्षर जरा थरथरलेलं आहे. ‘सर्व बोल्ट आवळले. हात नीट नाही, म्हणून परत तपासले. जेवून आलो. तिसऱ्यांदा तपासले. बरोबर.’

मी ऑइल एकदाही तपासलं नाही.

शेवटच्या पानावर जानेवारीची तारीख. ‘गाडी जावईबापूंना द्यावी. मुलगा घाई करतो. जावई सावकाश माणूस आहे, चेकलिस्ट केल्याशिवाय कशाला हात लावत नाही.’

ही ओळ मी पुनःपुन्हा वाचली. लाज वाटली. दुसरा शब्द शोधून पाहिला, नाही सापडला.

१९ एप्रिल, शनिवार. रात्री ८.३०

सकाळी नाश्त्याला बसलो तर बशीशेजारी ऑइलचा रिकामा डबा. बायकोने पांघरुणं उन्हात टाकायला काढली होती. समोर बसून तिने स्वतःचा चहा पूर्ण प्यायला. मग म्हणाली, अहो, उद्या अप्पा जेवायला येतायत. तुम्ही सांगताय की मी सांगू?

मी उद्याच सांगायचं ठरवलेलं होतं. हा निव्वळ योगायोग.

तिला असं म्हटलंही. ती उठून गेली. आज दिवसभर माझ्याशी बोलली नाही. डबा अजून टेबलावरच आहे.

२० एप्रिल, रविवार. संध्याकाळी ६

सांगितलं.

चार पानं खिशातच राहिली. जेवताना बायको म्हणाली, अप्पा, पाण्याचा जग जरा इकडे करा. अप्पांनी हात पुढे केला आणि परत मागे घेतला. म्हणाले, सांडेल, तूच घे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, अप्पा, ऑइल घातलंच नव्हतं.

काय, म्हणाले.

ऑइल. जुनं काढलं, नवं घालायचं राहिलं. लाल दिवा लागला होता. मी खोटं बोललो. तुमचे बोल्ट बरोबर होते. दुसऱ्या दिवशी मी डबा ओतला आणि लपवला. एवढं सगळं एका दमात.

मी रागाची तयारी ठेवली होती. त्यांनी ताट फेकलं असतं तरी मी समजून घेणार होतो. अप्पांनी घास खाली ठेवला. विचारलं, ऑइलशिवाय किती वेळ चाललं?

अकरा मिनिटं.

अकरा? म्हणाले. कोरडं? आणि खुर्चीवरून उठले. असे उठले की बायको सावरायला धावली. अगं अकरा मिनिटं, म्हणाले, कोरड्या बेअरिंगवर अकरा मिनिटं! कसं बसवलं असेल मी! हात न धुता मेकॅनिकला फोन लावला. ऐक रे, म्हणाले, सैल काहीच नव्हतं, जावयाने तेलच घातलं नव्हतं! नंतर त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या तिघांना फोन केले. मग शेजारणीला, घड्याळ दुकानातून परत आणा म्हणून. प्रत्येकाला ‘जावयाने तेलच घातलं नव्हतं’ हे वाक्य आनंदाने, मोठ्याने.

मी दोनदा माफी मागितली. त्यांचा फोन चालू होता.

मेव्हण्याने मोबाइलवरचा त्या दिवशीचा व्हिडिओ लावला. अप्पांनी चार वेळा पाहिला. त्यात लाल दिवा अगदी स्पष्ट दिसतो आणि त्याच्याखाली मी हँडब्रेक वर-खाली करताना. तिसऱ्या वेळी बायकोसुद्धा हसली. पाणी अप्पांनी स्वतः ओतून घेतलं. टेबलावर सांडलं. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

मला वाटलं, सुटलो. त्यांना सोडायला दारापर्यंत गेलो. बूट घालताना, मान खाली ठेवूनच ते म्हणाले, पण सात आठवडे मला धड झोप लागलेली नाही हो, जावईबापू.

आवाज चढवला नाही. लेस बांधायला खाली वाकलो. त्यांनी पाय मागे घेतला, स्वतः बांधली, वेळ लागला, मी उभा होतो.

२७ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ७

मेळावा झाला. गाडी गेली नाही. तिचं इंजिन मेकॅनिककडे टेबलावर उघडून ठेवलंय. जाम झालंय, पण वाचेल म्हणतो. माझं ९१.४ मार्कांचं यार्डवाल्याने परत घ्यायला नकार दिला. ते गॅरेजच्या दाराशी आहे, त्याला वळसा घालून जावं लागतं.

अप्पा मेळाव्याला बसने गेले. सोबत दोन वस्तू. जळून काळं पडलेलं बेअरिंग, रुमालात गुंडाळून. आणि मी.

प्रत्येक गाडीपाशी थांबायचं, रुमाल उघडायचा, बेअरिंग दाखवायचं, हे अकरा मिनिटं कोरडं चाललं म्हणायचं. मग लोक विचारायचे, कोरडं का? मग अप्पा मला पुढे करायचे. बत्तीस गाड्या होत्या. एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवून, होतं असं, म्हटलं. अप्पांना मीही असंच म्हटलं होतं, त्यामुळे हे वाक्य म्हणणाऱ्याच्या मनात काय असतं ते मला माहीत होतं. दुपारी आयोजकांनी मेव्हण्याकडून व्हिडिओ मागवून मोठ्या पडद्यावर लावला. आवाजासकट. मी शेवटच्या रांगेत होतो. पहिल्यांदाच तो पूर्ण पाहिला. त्यातला माणूस किती खात्रीने हँडब्रेक तपासतो.

चहाच्या वेळी कोणीतरी अप्पांना विचारलं, आता कुठलं इंजिन टाकणार? अप्पा म्हणाले, तेच. माझं. आवळायला मेकॅनिकचे हात, तपासायला माझे डोळे.

आणि ऑइल कोण घालणार, तो हसत माझ्याकडे बघून म्हणाला. सगळेच हसले. मी वाट बघत होतो. मला वाटलं, अप्पा माझं नाव घेतील. एकदा चुकलं, आता परत चुकणार नाही, असं काहीतरी म्हणतील. मी तसं उत्तरही तयार ठेवलं होतं.

अप्पा म्हणाले, मीच घालणार. हात हलतो, निम्मं बाहेर सांडेल. त्याला काय, पुसायला जावईबापू आहेत.

येताना दुकानातून दोन फडकी घेतली. सुती.